वळणापर्यंतचा दिवा

फेब्रुवारीत बर्फ इतकं पडलं की गाड्या बंद झाल्या, आणि गेन्झोनं शहरातल्या इस्पितळात एकट्यानंच प्राण सोडला. बायको शिगेनो पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर पांढरं फडकं होतं. आता ओबोन आला, पितर घरी येतात तो सण. गेल्या माणसाचा पहिला ओबोन, त्याचं नाव लिहिलेला दिवा नदीत सोडून त्याला परत पाठवायचं, आणि म्हातारी खुब्याचं हाड मोडून खाटेवर!

"जाताना मला दिसले नाहीत ते," ती लेकीला म्हणाली. "निदान दिवा जाताना दिसू दे. नाव वाचता येईल असा फोटो आण. मोबाइलमधला पांढरा गोळा नको मला."

लेक चिझुरू बेचाळीस वर्षांची, तोफूच्या कारखान्यात कामाला. खरा कॅमेरा तिनं जन्मात हाती धरला नव्हता. ती गेली फोटो स्टुडिओवाल्या कुवाबारा मास्तरांकडे. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, जीभ मात्र शाबूत होती. तीन आठवडे रोज संध्याकाळी तो परसातल्या टबात कागदी दिवा सोडायचा, बोटानं ढकलायचा आणि तिला फोटो काढायला लावायचा. शटर सावकाश ठेवलं की दिव्याची रेघोटी यायची, फार चटकन ठेवलं की नुसता काळोख.

"हा हात आहे की तोफूची वडी? लटलट हलतोय!"

"मास्तर, दिवाच हलतोय."

"हलणारच! नदी काय तुझ्यासाठी थांबणार आहे? अर्धा श्वास सोड आणि दाब. आणि फ्लॅश मारलास तर कॅमेरा काढून घेईन. मेलेल्यांच्या तोंडावर कुणी बॅटरी मारतं का?"

शेवटच्या दिवशी टबातल्या दिव्यावरचं अक्षर न् अक्षर फोटोत उमटलं. मास्तर नुसते 'हं' म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंही पुष्कळ होतं.

सोळा ऑगस्टच्या रात्री चिझुरूनं आणि मास्तरांनी काठावर कॅमेऱ्याची तिपाई रोवली. तिचा नवरा वरच्या पायऱ्यांवरून वडिलांचा दिवा सोडणार होता. दिवा चिझुरूसमोरून जाईपर्यंत फार तर दहा श्वास मिळणार होते. पुढे वळण, आणि वळणापलीकडे होडीवाले दिवे गोळा करून घेणार. दुसरी संधी नव्हती.

भटजींचं पठण सुरू झालं. पहिले दिवे आले. तिनं दोन-तीन फोटो काढून पाहिले, नावं स्वच्छ वाचता येत होती. तेवढ्यात वारा सुटला. मधला एक दिवा कलंडला, कागद भपकन पेटला, आणि काठावरची माणसं कळवळली. त्याच्याच मागोमाग गेन्झोचा पांढरा दिवा येत होता. जळत्या कागदाकडे सरळ निघाला होता.

हातभर अंतरावर दिवा फिरला, जळता कागद चुकवून पुढे सरकला, आणि वडिलांचं नाव बरोबर तिच्याकडे वळलं.

"दाब!" मास्तर ओरडले.

तिनं अर्धा श्वास सोडला. बोट बटणावर होतं. आणि ते बोट उचललं गेलं. बेचाळीस ओबोनांची सवय तीन आठवड्यांच्या शिकवणीनं थोडीच सुटते? समोरून घरचा माणूस निघाला होता. दोन्ही हात आपोआप जोडले गेले, मान लवली. नजर तेवढी दिव्यावर राहिली. मास्तरांचं ओरडणं तिला ऐकू येत होतं, पण हात सुटेनात. सुटले तेव्हा दिवा वळणाआड गेला होता.

मास्तरांनी टोमणा मारला नाही. गुपचूप तिपाई मिटली. त्यामुळे तिला जास्तच रडू आलं.

सकाळी शिगेनोनं चष्मा लावला आणि कॅमेऱ्यातले फोटो एकेक पाहिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दिवे दिसले, मग पेटलेला कागद, आणि पुढे काहीच नाही.

"ह्यांचा?"

"नाही काढला, आई. हात जोडले गेले माझे. चुकलेच मी."

"एक काम सांगितलं होतं तुला!" म्हातारीचा आवाज चिरकला. तिनं कॅमेरा पांघरुणावर टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग तशीच पडून तिनं विचारलं,

"विझला का गं वाटेत?"

"नाही. वळणापर्यंत जळत होता."

"तू पाहिलास? शेवटपर्यंत?"

"पाहिला. डोळ्यांची पापणी लवली नाही माझी."

शिगेनो सावकाश वळली. लेकीची हनुवटी धरून तिनं तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं आणि तिच्या डोळ्यांत पाहत राहिली. मग हनुवटी सोडून तिनं दिवा पाहिलेल्या त्या डोळ्यांपुढे हात जोडले.

"या हं," ती म्हणाली. "सांभाळून जा."