भर कोर्टात वाचलेलं पान

दादाने चष्मा लावला, कागदाची घडी उलगडली आणि म्हणाला, "आई, नीट ऐक हं. हे मी नाही, तुझी लेक म्हणतेय."

मी आईच्या टाचेला मलम लावत होते. वहिनी दाराशी उभी, मान खाली आणि कान टवकारलेले. कागदावर कोर्टाच्या नकलेचा शिक्का दिसला.

"'कधी कधी वाटतं,'" दादा सावकाश वाचत होता, "'सकाळी उठावं आणि आई गेलेली असावी.'"

मी जन्मभर वॉर्डात नर्स. पू, रक्त, ओकारी, कशाचीच मला किळस नाही. जेवता जेवता उठून बेडपॅन काढलंय आणि हात धुऊन पुढचा घास घेतलाय. पण सख्ख्या भावाच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला मळमळून आलं.

वाक्य माझंच, नाकारत नाही. पेशंट उचलून उचलून माझी पाठ गेली. हॉस्पिटलने हात वर केले; म्हणे, ही घरी आईला उचलते, त्याने गेली. मी दावा लावला. त्यांनी माझ्या उपचारांचे सगळे कागद मागितले, समुपदेशक बाईंनी टिपून ठेवलेलं बोलणंसुद्धा. त्या बाईंसमोर, बंद दाराआड, एकदा रडता रडता मी ते बोलून गेले होते. वकीलसाहेबांना मी म्हटलं होतं, हे पान तेवढं नको. ते हसले. "ताई, खटल्यासाठी दिलेले कागद खटल्यापुरतेच. बाहेर कोणी वापरले तर त्याची खैर नाही."

आणि शेवटच्या दिवशी त्यांनीच ते पान भर कोर्टात वाचलं! समोरच्या वकिलाने नव्हे, माझ्या. "बघा, एका सालस बाईची यांनी काय अवस्था केली!" आवाज काय कापरा लावला होता! आम्ही जिंकलो. मागच्या बाकावर दादा होता, मला धीर द्यायला आलेला. धीर कसला देतोय, सावज हेरत होता मेला. आईचं घर त्याला विकायचं होतं. त्यासाठी आई त्याच्या ताब्यात हवी, आणि आई मला सोडून हलत नव्हती.

मी स्वयंपाकघरात जाऊन वकीलसाहेबांना फोन लावला.

"ताई, उघड्या कोर्टात वाचलं गेलं की ते बंधन सुटतं. नक्कल तुमच्या भावाने रीतसर घेतली असणार. हे पान बाहेर वापरायला मनाई करा, असा अर्ज आपण तेव्हाच द्यायला हवा होता. राहून गेलं."

"राहून गेलं?"

"अहो, पण निकाल आपल्या बाजूने लागला ना!"

थुंकते तुमच्या निकालावर, असं ओठांवर आलं होतं. मी फोन ठेवला. सगळं रीतसर होतं, याचीच जास्त शिसारी आली.

खोलीत परत आले तर दादा कागदाची घडी घालत होता.

"का रे, पुढचं वाच की," मी म्हटलं. "तू किती वेळा फिरकतोस, तेही त्यात आहे."

"ते या विषयात येत नाही," दादा म्हणाला.

आई माझ्याकडे बघत होती. "असं म्हणालीस तू?"

नाही म्हणता आलं असतं. पण तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"म्हणाले. पाठ भरून आली होती, तू अंगावर ओरडत होतीस. तेव्हा म्हणाले."

आईने मान भिंतीकडे वळवली. तशीच वहिनीला म्हणाली, "माझे कपडे भर."

वहिनीला तिला उचलता येईना. दादाच्या कंबरेला म्हणे डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. शेवटी मीच उचललं, खाली नेलं, गाडीत बसवलं, कंबरेमागे उशी सारली. माझी पाठ कळवळली.

आईने मला हाका मारल्या, शिव्या घातल्या, एकदा औषध माझ्या तोंडावर थुंकून टाकलं. आभार मात्र कधी मानले नव्हते. आपल्या माणसाचे कोण मानतं? गाडीचा पट्टा लावून मी बाजूला झाले, तेव्हा समोरच्या काचेकडे बघत ती म्हणाली, "थँक्यू."