तबकडीत राहिलेला विठ्ठल

या, असे जवळ सरका. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या एका गाण्याच्या तबकडीची गोष्ट सांगायची आहे. हसू आलं तर खुशाल हसा, पुरुषोत्तमकाका स्वतःही हसतात.

काका नागपूरचे. तीस वर्षं त्यांनी देवळातली कीर्तनं टेप केली. आता लेकीकडे, सईकडे राहतात. शेजारी लॉरेटाबाई, वय वर्षं एक्याण्णव. तरुणपणी त्या चर्चमध्ये गायच्या. १९५६ साली डेट्रॉइटच्या एका मोठ्या वाद्यवृंदासोबत त्यांनी एक नवं स्तोत्र गायलं, आणि आठवण म्हणून त्याची एकच तबकडी त्यांना मिळाली. तिचा लाखेचा थर आता पापुद्र्यासारखा सुटत होता. सुई एकदा फिरली की खेळ खलास. रविवारी चर्चमध्ये बाईंचा वाढदिवस होता, आणि सगळ्यांसोबत तो आवाज ऐकायचा एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून त्या एका फेरीतच गाणं टेप करून घ्यायला तबकडी काकांकडे आली.

"बाबा, कुणा प्रोफेशनलकडे देऊ या ना," सई म्हणाली.

"मग मी काय तीस वर्षं माशा मारल्या? तू जा तुझ्या मीटिंगला."

काकांनी जुन्या प्लेअरसमोर माइक ठेवला, सुई टेकवली. व्हायोलिनं भरतीच्या पाण्यासारखी चढली. मग बाईंचा आवाज आला, काय सांगू, निरांजनाची वात थरथरावी तसा! एक ओळ गाऊन त्या थांबल्या. काकांचे डोळे मिटलेले. देवळातल्या सवयीनं टाळी पडली आणि तोंडून खणखणीत निघालं, "विठ्ठल विठ्ठल!"

एकदा नव्हे, चारदा. डोळे उघडले तेव्हा सुईजवळ काळ्या पापुद्र्यांचा ढीग.

सईनं कॉम्प्युटरवर खटपट केली. काकांचा आवाज पुसला की बाईंचाही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटे.

"राहू दे पोरी," काका म्हणाले. "मीच सांगतो त्यांना."

रविवारी चर्चमध्ये पन्नासेक माणसं जमली होती. काका हात जोडून उभे राहिले. "लॉरेटाबाई, चूक झाली. तुमच्या गाण्यात मी शिरलोय." बाईंना काही उमगेना. सईनं गाणं लावलं. पहिली ओळ संपली, आणि "विठ्ठल विठ्ठल!"

सगळी डोकी काकांकडे वळली. काकांची नजर बुटांवर. बाईंचे खांदे हलू लागले. रडतात की काय? छे, हसत होत्या!

"थांबव गं जरा," त्या सईला म्हणाल्या. "त्या दिवशी वाद्यवृंदाच्या कंडक्टरनं बजावलं होतं, कुणी हूं की चूं करायचं नाही. माझी आई समोर तोंड दाबून बसली होती. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक ओळीला लोक ओ देतात, तशी मी आपली ओळीमागून जागा सोडत गेले, आणि कुणी ओ देईना! इतकी वर्षं वाटायचं, भिंतीपुढं गायले. हा माणूस म्हणतोय तरी काय?"

"देवाचं नाव," सई म्हणाली.

"मग पहिल्यापासून लाव!"

या खेपेला पन्नास गळ्यांनी ओ दिली. कुणी आमेन म्हणालं, कुणी बाक बडवला, एका आजोबांनी तर "विठ्ठल"च म्हणून पाहिलं. बाई आपल्याच तरुण आवाजासोबत फाटक्या गळ्यानं गात होत्या, आणि काका आता उघड्या डोळ्यांनी टाळ्या देत होते.

तर मंडळी, उद्या देवापुढं हात जोडाल, तेव्हा घरच्यांच्या नावांत लॉरेटाबाईंचंही नाव घ्या. गुरुवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे.