वरचा पत्रा

"साहेब, ह्यो आर्म आपल्या गाडीचा न्हाई," बन्सीधर लिफ्टखालूनच म्हणाला. झरीच्या तात्यारावांची सहा महिन्यांची गाडी वर टांगलेली होती. पुढच्या चाकाचा आर्म खड्ड्यात आपटून वाकला होता आणि त्यावर शिक्का होता रस्त्यापलीकडं शोरूम थाटलेल्या समोरच्या कंपनीचा.

वर्कशॉप मॅनेजर महारुद्र बघायलाही वाकला नाही. "आपलाच हाय, मामा. दोन्ही कंपन्यांचा प्लॅटफॉर्म आता एकच. खालचा सांगाडा, स्टेअरिंग, सस्पेन्शन सगळं सारखं. वरचा पत्रा आन् नाव तेवढं येगळं."

"मला तर ट्रेनिंगला सांगितलं, खास आपला सांगाडा हाय म्हणून."

"गाड्या इकायच्या तर तसं सांगावं लागतंय. आपल्याकडं माल न्हाई. समोरून घेऊन या."

बन्सीधरच्या अंगाची लाही लाही झाली. तेवीस वर्षं त्यानं या कंपनीच्या गाड्यांखाली पाठ घासली होती. समोरच्यांच्या गाडीला तो चारचौघांत डबडं म्हणायचा, आणि ते त्याला मनापासून खरं वाटायचं. तात्यारावांनीही ही गाडी त्याच्याच शब्दावर घेतली होती. त्यांची समजूत एक वेळ काढता आली असती. पण धाकटा भाऊ आदिनाथ अकरा वर्षांपूर्वी समोर नोकरीला गेला, तेव्हा यानं त्याला भर वर्कशॉपात बेइमान म्हटलं होतं. पुढं आदिनाथ पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, तर या पठ्ठ्यानं आतून कडी लावली. आणि ज्यांच्यासाठी सख्खा भाऊ तोडला, त्यांनी खुशाल हातमिळवणी केली होती. त्याला साधं सांगावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

मधला रस्ता दोन मिनिटांचा. अकरा वर्षांत आज तो पहिल्यांदा पलीकडं गेला.

पार्टच्या काउंटरवर आदिनाथच होता. केस पार पांढरे झाले होते. त्यानं वाकलेला आर्म उलटसुलट करून पाहिला आणि नवा आणून ठेवला.

"तुला ठाऊक होतं?" बन्सीधरनं विचारलं.

"तुमची गाडी शोरूमला आली तवाच. खालून बघितली की वळखू येतीय."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"कुठं सांगू, दादा? दार लावलेलं होतं."

बन्सीधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोच आतून निकिता नावाची कारकून मुलगी गेटपासचं पुस्तक घेऊन आली.

"काका, नाव सांगा."

"बन्सीधर कच्छवे."

लिहिता लिहिता ती थांबली. "सर, तुमीबी कच्छवेच की. भाऊबंद हायत का तुमचे?"

बन्सीधर भावाच्या तोंडाकडं बघत राहिला.

"न्हाई," आदिनाथ म्हणाला. "समोरच्या वर्कशॉपचे हायत."

निकितानं तसंच लिहिलं. बन्सीधरनं खाली सही केली.