मेंढरं बसली तो कोपरा

दिपाली आर्किटेक्ट होती. वास्तू आणि निसर्ग या विषयावर तिने क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये पाऊण तास भाषण ठोकलं होतं. वेरूळच्या कारागिरांनी आधी डोंगर पारखला, मग छिन्नी उचलली. मलिक अंबरने जमिनीचा उतार ओळखून शहरात पाणी आणलं, असं ती म्हणाली तेव्हा टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बिडकीनचे रामकिसन होते. त्यांना रानात बंगला बांधायचा होता. दिपालीचं हे पहिलंच काम.

चुन्याने आखणी झाली, भूमिपूजनाचा दिवस ठरला. आदल्या रात्री रामकिसननी त्या जागेवर मेंढरं बसवली. कळप रात्रभर बसला की लेंड्यांचं खत आयतं मिळतं, बागेला कामी येतं. कळप आप्पांचा होता आणि आप्पा दिपालीचे वडील होते. रामकिसनना हे ठाऊक नव्हतं. दिपालीने सांगितलं नव्हतं. आप्पा समजूतदार माणूस. रामकिसनसमोर लेकीला "मॅडम" म्हणाले आणि काठी टेकून दूर उभे राहिले. दिपालीला लाज वाटली. आधी वडिलांची वाटली, मग स्वतःची.

मेंढरांनी आखणी पुसली असेल म्हणून ती सकाळी घाईने पोचली. आखणी कडेला जराशी फिसकटली होती, एवढंच. आत एकही लेंडी नव्हती. सगळ्या लेंड्या उत्तरेच्या कोपऱ्यात, बाभळीखाली.

"तीनदा आत हाकलली, मॅडम," आप्पा म्हणाले. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी मॅडमच. "तीनदा उठून गेली. खाली वल हाय. मेंढरू वलीवर बसत नाय."

माती तपासणीचा अहवाल तर उत्तम आला होता. फक्त तपासणीचा खड्डा दिपालीने बाभळीच्या कोपऱ्यात खणून घेतला होता, कारण जेसीबी तिथं सोयीने वळत होता.

मजूर आल्यावर तिने आखणीत कुदळ मारायला लावली. भर मे महिन्यात चार फुटांवर काळी माती ओली निघाली आणि हाताला चिकटली.

तेवढ्यात रामकिसन नारळ घेऊन आले. मागे भागूबाई, त्यांची बायको, हळदकुंकवाचं ताट घेऊन.

"घर त्या कोपऱ्यात न्यावं लागेल," दिपाली म्हणाली. "तपासणीचा खड्डा चुकीच्या जागी खणला. चूक माझी."

रामकिसननी आखणीतल्या ओल्या खड्ड्यात डोकावून पाहिलं. "इथं आमच्या आज्याच्या काळात वढा व्हता. बुजवला."

"मला सांगितलं नाहीत."

"इचारलं कुठं तुमी?" ते शांतपणे म्हणाले. "मग आता सांगितलं कुनी?"

आप्पा घाईघाईने मेंढरं मोजू लागले. ती सकाळीच मोजून झाली होती.

"माझ्या वडिलांनी," दिपाली म्हणाली, आणि आप्पांकडे हात केला.

रामकिसननी तिच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मेंढरांकडे पाहिलं. भागूबाईंनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. मग रामकिसन बाभळीखाली गेले आणि नारळ आप्पांच्या हातात दिला. "फोडा पाव्हणं. जागा तुमी काढली."

आप्पांनी धोतराला हात पुसले, नारळ वाजवून पाहिला.

"दिपे," ते म्हणाले, "दगड आन एखादा."

मॅडम पळतच गेल्या.