गाडीला जपणारा माणूस

नवऱ्याला 'पायलट' हे नाव त्याच्या धाकट्या बहिणीने ठेवलं, आणि ठेवताना तिने काही त्याचं कौतुक केलं नव्हतं. नवी सात सीटांची गाडी दारात आली त्या दिवशी तो ड्रायव्हरच्या जागेवर बसून एकेक बटण दाबत राहिला. खाली उभ्या असलेल्या घरच्यांना आत बसायची परवानगी मिळेपर्यंत सगळ्यांचे पाय दुखायला लागले. शेवटी बहीण म्हणाली, "पायलटसाहेब, विमान सुटणार की रद्द?" नाव चिकटलं. त्याला मात्र ते फार आवडलं. टोमणा कुठला आणि कौतुक कुठलं हे त्याला जन्मात कळलं नव्हतं, आणि तो इतका सुखी होता तो त्यामुळेच, असं त्याच्या बायकोचं मत होतं.

बायको एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत सुपरवायझर होती. लाँड्री गावाबाहेर, हायवेला लागून. दिवसभर चादरी, गाऊन, टॉवेल आणि खोलीएवढी वाळवणयंत्रं यांच्याशी झगडून ती कर्मचाऱ्यांच्या बसने घरी यायची. पायलटचं चष्म्याचं दुकान घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. चालत गेलं तर चपला गरम व्हायच्या आत माणूस पोचेल. पण तो गाडी नेई. पहिला गिअर, दुसरा गिअर, मध्ये गतिरोधक आला की अंगावर झोपलेलं तान्हं मूल घेऊन जिना उतरावा तसा उतरे, आणि दुकानासमोर गाडीला खोळ घालून आत जाई.

हायवेवर तो गाडी कधी काढत नसे. हायवेवर खडे उडतात, ट्रकवाले घासून जातात, उन्हाने रंग फिका पडतो. गाडी कुटुंबासाठी घेतली असं तो चारचौघांत सांगे, पण कुटुंबाने काचेला बोट लावायचं नाही, दार आपटायचं नाही आणि आत काही खायचं नाही. एकदा त्याच्या वडिलांनी, म्हणजे बायकोच्या सासऱ्यांनी, मागच्या सीटवर बसून बिस्कीट खाल्लं. पायलटने सिग्नलला मान वळवून बापाकडे असं पाहिलं, की म्हाताऱ्याने उरलेलं बिस्कीट खिशात घातलं.

याच मॉडेलच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता आणि तिथे पायलटचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. सात माणसं आणि सामान असेल तर टायरात हवा किती ठेवावी, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीचं काय करावं, उंदीर वायरी कुरतडतात त्यावर उपाय काय. लोक विचारत आणि पायलट जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून, सगळ्यांना उत्तरं देई. तिथे त्याला 'सर' म्हणत. एखादं उत्तर विशेष जमलं की तो ते मोठ्याने वाचून दाखवी. "डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे कधीही दुर्लक्ष करू नका. दिवा म्हणजे गाडीची जीभ." बायको ताटं उचलत असे. घरातल्या गळक्या नळाला जीभ नव्हती, म्हणून तो वर्षभर गळत होता.

मग लेकीची पोहण्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा डोंगरापलीकडच्या शहरात. सासूसासऱ्यांनाही नातीला पोहताना बघायचं होतं. आपण बसने जाऊ, असं लेक म्हणाली तेव्हा पायलटचा चेहरा पडला. घरात सात सीटांची गाडी असताना बस? त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या भरात तो हो म्हणून बसला.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने हवा तपासली, पाणी तपासलं, तेल तपासलं, पुन्हा हवा तपासली. गाव सुटल्यावर सपाट रस्त्यावर तो इतका सावकाश चालला होता की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमले. बायको शेजारी बसली होती. तो सारखा स्टिअरिंगमागच्या काट्यांकडे बघतोय आणि नजर लगेच रस्त्यावर नेतोय, हे तिच्या लक्षात आलं. वाळवणयंत्र बिघडवून ठेवणाऱ्या पोरी तिच्यासमोर अगदी अशाच नजर फिरवत.

घाट लागला आणि गाडीतला जीव गेला. पायलट पाय दाबतोय आणि गाडी रांगतेय. सळया भरलेला ट्रक पुढे गेला, मग एक ट्रॅक्टर पुढे गेला. मागून सासऱ्यांनी विचारलं, आपण थांबलोय का? पायलटने समजावलं की आजकालच्या गाड्या चालवणाऱ्याची सवय ओळखतात, ही घाटाचा अभ्यास करतेय. तेवढ्यात काहीतरी टणटणलं आणि समोरच्या पडद्यावर मोठी सूचना आली. त्याने गाडी कडेला घेतली.

बायको वाचायला वाकली. काट्यांच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा होता. तिने तो खरवडून काढला. खाली नारिंगी दिवा जळत होता.

"हा कधीपासून लागतोय?"

"सेन्सर असतात गं," तो म्हणाला. "सेन्सर चुकतात कधी कधी."

"कधीपासून?"

उत्तर मागून आलं. "माझ्या परीक्षेपासून, आई," लेक म्हणाली. "बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, ती उगाच घाबरेल."

बायकोला रागसुद्धा आला नाही; राग यायला समोर माणूस लागतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, हे ठीक आहे, असे पुष्कळ असतात. पण गाडीच्या जिभेला पट्टी चिकटवायची आणि पोरीच्याही तोंडाला पट्टी लावायची, ही अक्कल ज्याच्यापाशी आहे त्याच्याशी भांडून काय मिळवायचं?

पायलट फोन घेऊन खाली उतरला. ग्रुपवर विचारावं तर 'सर' विचारणार कसे? म्हणून त्याने लिहिलं, 'एका मित्राच्या गाडीला ही अडचण आली आहे.' बायको त्याच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. पहिलं उत्तर चटकन आलं: मित्राला सांगा, सर नेहमी सांगतात तेच, दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. दुसऱ्या एकाने नीट लिहिलं होतं. डिझेलच्या गाडीत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लांब रस्त्यावर जरा वेगाने चालली की काजळी आपोआप जळते. नुसती गल्लीबोळातून फिरवली की जाळी तुंबते. दिवा लागला तेव्हाच हायवेवर एक फेरी मारली असती तर काम झालं असतं, आता गॅरेजच गाठावं लागेल. शेवटी त्याने विचारलं होतं, तुमचा मित्र रोज गाडी नेतो तरी कुठे?

'सरां'नी फोन खिशात घातला.

तिला सगळं समजलं. लाँड्रीत वाळवणयंत्राच्या जाळीवर कापसाचा लगदा साचतो. तो रोज काढला नाही की यंत्र नुसतं घुमतं आणि चादरी ओल्याच राहतात. हे तिथे नवी आलेली मुलगीही पहिल्या आठवड्यात शिकते. आणि इथे हा गाडीला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता, म्हणजे रोज दोन गल्ल्यांतून फिरवून तिचा गळा आवळत होता.

गाडी ओढून नेणारा ट्रक यायला वेळ लागणार होता. पायलटचं म्हणणं पडलं की अशा प्रसंगी कुटुंबाने एकत्र थांबावं. बायकोने ते ऐकलंसुद्धा नाही. ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि रोपवाटिकेचा एक टेम्पो तिने हात करून थांबवला. पुढे दोघींचीच जागा होती. लेकीला चढवलं, तर तिच्यामागून सासूबाईही पदर खोचून चढल्या. गुडघ्यांमुळे सासऱ्यांना चढता येईना, ते मुकाट्याने मागे राहिले. सासूबाईंनी खिडकीतून लेकाला सांगितलं, "तू गाडीपाशी थांब. तिला एकटं वाटेल."

बायको मागे कुंड्यांमध्ये बसली. वळणावळणाला एक मोठं रोप तिच्या गालावर आपटत होतं. लग्नाआधी ती वडिलांची मालाची व्हॅन चालवायची, ते तिला का कोण जाणे आठवत राहिलं.

पोचल्या तेव्हा लेकीच्या शर्यतीची नावं पुकारत होते. पोर पळत जाऊन कपडे बदलून आली आणि धापा टाकतच उतरली. चौथी आली. पण स्वतःच्या आजवरच्या वेळेपेक्षा जलद पोहली, आणि पाण्यातून बाहेर येऊन अशी हसली की ओरडून ओरडून आईचा बसलेला घसा वसूल झाला. सासूबाई तर अनोळखी बायकांना 'ती आमची' म्हणून दाखवत सुटल्या.

पायलट आणि सासरे ट्रकच्या केबिनमध्ये बसून परत आले, गाडी मागे ट्रकच्या पाठीवर. सासऱ्यांनी नंतर कबूल केलं की इतका ऐसपैस प्रवास त्यांनी कित्येक महिन्यांत केला नव्हता.

गॅरेजमधल्या बाईंनी कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की जाळी यंत्राने साफ केली आहे, पण गाडी रोज लांब चालली नाही तर पुन्हा हेच होणार. पायलट मान डोलावून म्हणाला, "हेच मी सगळ्यांना सांगत असतो."

बायकोने हात पुढे केला. "किल्ली द्या. उद्यापासून मी लाँड्रीला नेणार."

त्याने खडे काढले, ट्रक काढले, उन्हातलं पार्किंग काढलं, इतकी मोठी गाडी तुला आवरेल का तेही काढलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाहीतर विकून टाका." त्याच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली तिच्या हातात आली.

आता गाडी रोज हायवेवर पळते. लाँड्रीतल्या चार जणी तिच्याबरोबर असतात, ओल्या केसांच्या, हातात चहाचे थर्मास, पायात धुळीच्या चपला. दारावर एक ओरखडा आला आहे आणि तो कुणामुळे आला हे कुणी शोधायला गेलेलं नाही. दिवा पुन्हा लागला नाही. पायलट चालत दुकानात जातो आणि ग्रुपवर लिहितो की इंजिनाला व्यायाम लागतो, म्हणून मी गाडी मुद्दाम हायवेवर चालवायला दिली आहे. त्यावर पुष्कळ अंगठे येतात.

एका रविवारी त्याने चाचरत विचारलं, आजचा दिवस गाडी मी नेऊ का? तिने लगेच किल्ली दिली. एवढंच म्हणाली की आधी टोलनाक्यापर्यंत एक फेरी मारून या, मग कुठेही न्या. तो खाली गेला. तिने खिडकीतून पाहिलं. त्याने सीट मागे घेतली, पुढे घेतली, तिन्ही आरसे नीट केले, काच पुसली, पट्टा लावला. इंजिन सुरू झालं आणि बराच वेळ नुसतं सुरू राहिलं. मग बंद झालं.

वर येऊन त्याने किल्ली टेबलावर ठेवली. "आज वारा फार आहे," तो म्हणाला.

"हो का," ती म्हणाली, आणि तिने पेपरचं पान उलटलं.