अदलाबदलीचा खेळ

बारकीने तो खेळ लिहिला तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर होता, आणि तो दादाचा होता.

दादा दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होता आणि उरलेल्या वेळात खेळ लिहायचा. वरून पडणाऱ्या तुकड्यांचे खेळ तेव्हा जोरात होते. कुणी ठोकळे पाडायचं, कुणी गोळे. दादाने रंगीत फरश्या पाडल्या. त्या पडतापडता सरकवायच्या, एका रंगाच्या तीन ओळीत आल्या की त्या गायब. वेग वाढत जायचा आणि ढीग वरच्या कडेला टेकला की खेळ खलास.

त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात मंदावला. बोटं आणि डोकं दोन्ही चालतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून दादाने मोठ्या हौसेने त्यांना आपल्या खेळापुढे बसवलं. बाबांचं बोट बटणावर पोचेपर्यंत आणखी फरश्या येऊन आदळायच्या. त्यातून लाल आणि हिरवा रंग त्यांना सारखाच दिसे.

"अरे, मला गाडायला आणलंयस का हे?" बाबा हसत म्हणाले. पण पुन्हा काही बसले नाहीत.

बारकी तेव्हा कॉलेजात होती. प्रोग्रॅम लिहायला दादानेच शिकवलेलं. तो ऑफिसला गेला की ती मशीनचा ताबा घ्यायची. तिने फरश्यांचं ते पडणंच काढून टाकलं. पट सुरुवातीपासून भरलेला. शेजारशेजारच्या दोन फरश्यांची अदलाबदल करायची. तीन जुळल्या तर त्या जाणार, नाही जुळल्या तर दोन्ही आपापल्या जागी परत. घड्याळ नाही, घाई नाही. आणि प्रत्येक रंगाला वेगळा आकार दिला, म्हणजे लाल-हिरव्याचा घोळ नको.

दादाने पाहिलं आणि विचारलं, "यात हरायचं कसं?"

"हरायचं कशाला?"

"मग हा खेळ कसला, बारके? हे तर तांदूळ निवडणं झालं!"

बाबा मात्र बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात. छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेला माणूस! एक ओळ गेली आणि वरच्या फरश्या घसरून आपोआप दुसरी जुळली, की ते "वा रे पठ्ठे!" म्हणत मांडीवर थाप मारायचे. एकदा आईच्या लक्षात आलं, थाप उजव्या हाताची होती.

पुढे खेळ विकणाऱ्या एका कंपनीने दादाला भेटायला बोलावलं. निघताना बारकीने आपली डिस्क त्याच्या हातात दिली. "हाही दाखवशील?"

"बघू."

संध्याकाळी तो खुशीत परतला. त्याचा खेळ घेतला होता. आईने देवापुढे साखर ठेवली. बारकीने विचारलं, "आणि माझा?"

दादा वाकून बुटाची नाडी सोडत होता. "त्यांना काही मजा नाही वाटली त्यात."

"बरं," बारकी म्हणाली.

त्यानंतर तिने खेळ लिहिला नाही. तसं काही ठरवलं नव्हतं. सुचायचं; आंघोळ करताना, बसची वाट बघताना सुचायचं. पण मशीनपुढे बसण्याआधीच मन म्हणायचं, यात काय मजा आहे? मग सुचणंही कमी झालं. तिने चष्म्यांचा कोर्स केला, लग्न केलं, दुकान टाकलं आणि ते चांगलं चालवलं. दादाचा खेळ थोडे दिवस विकला गेला आणि तसल्याच इतर खेळांच्या गर्दीत बुडाला. बाबा शेवटपर्यंत बारकीचाच खेळ खेळत राहिले.

बऱ्याच वर्षांनी फोनमधून तोच खेळ घरोघर पोचला. कुणाच्या पटावर हिरे, कुणाच्या गोळ्या-चॉकलेटं. कुठे मोजक्याच चाली, कुठे बर्फात अडकलेली फळं सोडवायची, कुठे जिंकलं की बाग सजवायची. दुकानातल्या बाकावर बसलेली गिऱ्हाइकं त्यात बुडालेली असत. कुणी चोरलं नव्हतं, हे तिला कळत होतं. ज्याला त्याला आपापलं सुचलं होतं. ती फक्त मनात म्हणायची, म्हणजे मजा होती तर.

एका दुपारी जवळचा चष्मा करायला एक वयस्कर गृहस्थ आले. नंबर काढून होईपर्यंत गप्पा निघाल्या, आणि कळलं की दादाचा खेळ घेणारे मालक ते हेच. काच लावून बघतानाही ते फोनवर हिरे जुळवत होते.

बारकी हसून म्हणाली, "असाच एक खेळ मी तुमच्याकडे पाठवला होता. तुम्हाला मजा वाटली नव्हती."

"माझ्याकडे? कधी?"

तिने दादाचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "तो मुलगा चांगला आठवतो मला. आणखी काही आहे का, म्हणून मी स्वतः विचारलं होतं. नाही म्हणाला." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाले, "माझी आठवण चुकत असेल हो."

"फ्रेम कानाला टोचत नाही ना?" बारकीने विचारलं.

रविवारी दादा नेहमीसारखा आला. तिने चहा दिला आणि समोर बसली.

"दादा, माझी डिस्क तू दाखवलीच नव्हतीस ना?"

कोणती डिस्क, असं त्याने विचारलं नाही. "बाबा दिवसभर तुझाच खेळ खेळायचे गं," तो म्हणाला. "माझ्याला एकदा सोडून हात लावला नाही. त्या मालकांनी विचारलं तेव्हा डिस्क खिशात होती. तोंडातून 'नाही' असं निघून गेलं. मग नंतर कसं सांगायचं?"

"खेळ गेल्याचं मला काही नाही रे. तो कुणी ना कुणी केलाच असता."

"मग?"

"तुझ्यावर मी विश्वास ठेवला. जे जे सुचलं, ते ते मीच मोडीत काढलं. त्यांचं ऑफिस काय लांब होतं? स्वतः जाऊन विचारायचं, एवढंही मला सुचू नये?"

दादाचे डोळे भरले. "बारके, अजून..."

"अजून काय? आता काही सुचत नाही, दादा. खरंच नाही सुचत."

त्याचा चहा तसाच राहिला. तो उठला, चपला घालून दारात घुटमळला. इतकी वर्षं तो न कळवता येत आला होता, भावाने कळवायचं कशाला म्हणून.

"पुढच्या वेळी फोन करून ये," बारकी म्हणाली आणि तो जिना उतरेपर्यंत दार धरून उभी राहिली.