वॅगटेलचा उजवा जोड

आवाज पहिल्यांदा झाला तेव्हा तो आपण ऐकलाच नाही, असं क्लाइव्हने स्वतःला बजावलं. दुसऱ्यांदा झाला तेव्हा मार्लीनच्या हातातला चहाचा पेला ओठांपाशीच थांबला.

"काय रे ते?"

"दोर घासतोय."

"दोर असा कण्हतो होय?"

सुकाणूवर हात ठेवून क्लाइव्ह समोर बघत राहिला. स्कारबरोचा धक्का अजून आठ मैल लांब होता, मोरटन बेट चार मैल मागे पडलं होतं, आणि आग्नेयेचा वारा सकाळपेक्षा दुप्पट झाला होता. उपसागराच्या उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या उठतात. तशा त्या उठत होत्या.

वॅगटेल ही तीन अंगांची होडी. मधे मुख्य होडी आणि दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या दोन उलांड्या, अरुंद पोकळ होड्यांसारख्या. एरवी उलांड्या पंखांसारख्या पोटाशी मिटून घ्यायच्या आणि होडी गाडीमागे बांधून घरी न्यायची. पाण्यावर आलं की पसरायच्या. प्रत्येक उलांडीला दोन हात, आणि प्रत्येक हाताखाली एक दांडा, मुख्य होडीच्या कुशीत जोडलेला. सगळा भार त्या जोडांवर. जोड सुटला तर हात वर मिटणार, उलांडी निकामी होणार आणि होडी कुशीवर कलंडणार. अंगणात मिटणारी होडी भर पाण्यात मिटली, तर पुढे बोलायलाच नको.

सदतीस वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने बांधलेली ही होडी क्लाइव्हला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी सापडली होती. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, हाताला काम हवंच होतं. दोन वर्षं त्याने कुजलेलं प्लायवूड कापून काढलं, नवं घातलं. तेवढ्यावर थांबता तर बरं. पण डोलकाठी दीड मीटर उंच केली, शीड मोठं केलं. मग वाढलेल्या ओढीला जुने जोड पुरेनात म्हणून तेही रुंद करून काचेच्या कापडाने आणि राळेने नव्याने मढवले. "बसपेक्षा सुरक्षित," असं सांगून त्याने मार्लीनला वर चढवलं होतं. मार्लीनला पोहता येत नव्हतं, आणि खुब्याचा सांधा बदलून वर्षही झालं नव्हतं.

तिसरा आवाज झाला. कण्हणं नव्हे, वाळकी साल सोलावी तसा.

त्याच क्षणी क्लाइव्हला फेब्रुवारीतली ती दुपार लख्ख आठवली.

दमट हवेत राळ सुकली की तिच्या अंगावर मेणचट साय धरते. दिसत नाही, बोटाला लागते. साध्या पाण्याने ती धुवायची, मगच पॉलिश पेपर मारायचा, मगच पुढचा थर. हे होडी बांधणाऱ्या कुठल्याही माणसाला झोपेत विचारा. पण त्या दुपारी वादळ गडगडत आलं, त्याने जोडावर ताडपत्री टाकली, आणि दुसऱ्या दिवशी आल्याआल्या थेट पॉलिश पेपर हातात घेतला. घासून घासून जोड असा छान मऊ झाला, की बघूनच समाधान वाटलं. धुवायचं राहिलं. साय निघाली नव्हती. ती त्याने स्वतःच्या हाताने आत रगडली होती. तो पुढचा उजवा जोड.

काल बेटावर जाताना वारा उजवीकडून होता, भार डाव्या उलांडीवर पडला, म्हणून काही कळलं नाही. परतताना वारा डावीकडून. आता उजवी उलांडी पाण्यात खोल रुतत होती, आणि तो न धुतलेला जोड प्रत्येक लाटेला ओढला जात होता.

"मार्ली, जरा सुकाणू धर."

"मी? कुठे धरू?"

"धर गं! असंच सरळ."

होडी आणि उलांडी यांच्यामधे ताणलेल्या जाळीवर तो पालथा झाला आणि खाली डोकावला. कापडाची कड नखभर उचलली गेली होती. लाट आली की फट उघडे, लाट गेली की मिटे. मासा तोंड हलवतो तशी. माणूस जगापासून चूक लपवतो, बायकोपासूनही लपवतो. पण पाणी सगळीकडे हात घालून बघतं, त्याला काय सांगणार?

तो रांगत परत आला.

"वळायचंय. बेटाकडे."

"घर तिकडे आहे, क्लाइव्ह."

"माहीत आहे."

"मग? चेहरा असा का झालाय तुझा? खरं सांग."

"उजवा जोड सुटतोय. मी... धुतला नव्हता."

मार्लीनने सुकाणू त्याच्या हातात दिलं. "रोज रात्री ताटं विसळून ठेवतोस. कपावरचा डाग चालत नाही तुला. आणि ज्याच्यावर बायकोचा जीव टांगलाय तेवढंच धुवायचं राहिलं?"

"नंतर बोल. वाटेल ते बोल. आत्ता तो पुढच्या शिडाचा दोर धर."

वाऱ्याकडे शेपटी करून वळलं तर शीड धाडकन फिरून झटका बसला असता, आणि तो झटका जोडाला सोसला नसता. म्हणून वाऱ्याला तोंड देऊनच वळायचं. पण ही होडी हलकी, आणि वाढीव डोलकाठीमुळे वारा तिला जास्तच झोंबायचा. धक्क्याला लावण्यापुरतं छोटं विजेचं इंजिन होतं, या लाटांत त्याचा काय पाड! क्लाइव्हने सुकाणू दाबलं. होडी वळली, वळली आणि वाऱ्याच्या अगदी तोंडाशी येऊन थबकली. शिडं फडफडू लागली. मग ती हळूच मागे सरकायला लागली.

"काय झालं?"

"अडकली." आता ती जुन्याच बाजूला पडली, तर सगळा भार एका हिसक्यात त्याच जोडावर. "पुढचं शीड उजवीकडून ओढून धर! सोडू नको, काही झालं तरी सोडू नको!"

मार्लीनने दोर मनगटाला गुंडाळला आणि अंग मागे टाकलं. "देवा, प्रभू, देवा," एवढंच ती म्हणत होती. चर्चच्या गायनात इतक्या उंच पट्टीत ती कधी गायली नव्हती. होडी मागे चालली की सुकाणू उलटं धरायचं असतं. क्लाइव्हने उलटं धरलं. जोड कडकडला. दोघांनीही डोळे मिटले.

मग नाक डावीकडे झुकलं. पुढच्या शिडात उलट्या बाजूने वारा भरला, त्याने होडीला ढकललं, आणि वॅगटेल वळली. उजवी उलांडी पाण्यातून वर उचलली गेली. ओढला जाणारा दांडा आता जोडाला उलट दाबून धरू लागला. आवाज थांबला.

पाऊण तासाने मोरटनची वाळू स्पष्ट दिसू लागली, लाटा बसल्या. मार्लीनच्या मनगटावर दोराचा लालभडक वळ उठला होता. तिने रेडिओ काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"बोलाव कोणाला तरी."

"बेटाच्या आड आलोय आपण. शांतपणे बघू की."

"बोलाव. आणि का ते पण सांग."

"मार्ली, सगळा होड्यांचा क्लब ऐकत असतो गं त्याच्यावर."

"ऐकू दे."

क्लाइव्हने बटण दाबलं. बचाव केंद्रात बेव्ह होती. वीस वर्षं ती हे विनामोबदला करत आलेली. त्याने ठिकाण सांगितलं, माणसं दोन म्हणून सांगितलं. मग कारणावर आला.

"पुढचा उजवा जोड उखडलाय. राळेची साय मी धुतली नव्हती. न धुताच घासलं."

रेडिओवर कोणीतरी मधेच घुसलं: "क्लाइव्ह, साबण पाठवू का रे?" त्यामागे हसू.

"मधे बोलू नका," बेव्हने दटावलं. "क्लाइव्ह, आत्ता भार कोणत्या बाजूला आहे?"

"डाव्या."

"डावे जोड ठीक आहेत?"

क्लाइव्हने तोंड उघडलं. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. समोर मार्लीन बसली होती, वळ उठलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून. त्याने ते दिवस पुन्हा आठवून पाहिले; डाव्या बाजूची बादली, डाव्या बाजूची घासणी. काही दिसेना.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आठवत नाही मला."

"मग शीड उतरवा, आत्ताच. नांगर टाका. दोघं मधोमध बसा आणि हलू नका. बोट निघालीय."

मार्लीन आधीच नांगराकडे सरकत होती, दुखऱ्या खुब्यावर, एकेक पाय टाकत. क्लाइव्ह शिडाचा दोर सोडायला उठला. गाठ बोटांतून दोनदा निसटली, तिसऱ्यांदा सुटली.